मोठे तारे कसे घडतात, आणि आमच्यासारखा ग्रुप मुंबईत बसून दिवसभर करतो तरी काय?

प्रश्न असा आलाय: ठाण्याला राहणारी, फिजिक्समध्ये एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आहे, मोठ्या वस्तुमानाचे तारे कसे तयार होतात यावर काम करणाऱ्या ग्रुपमध्ये पीएचडीला यायचं तिच्या मनात आहे, पण तीन गोष्टी अडतायत. तारे कसे बनतात हे तर पुस्तकात दिलेलंच आहे, मग संशोधन कशावर चाललंय? मुंबईतून आकाशात धड काही दिसत नाही, मग इथे बसून लोक नक्की करतात काय? आणि घरचे विचारतायत की पाच-सहा वर्षं घालवून हाती काय लागणार?

मी या विषयात बावीस वर्षं आहे, मुंबईतच, इन्फ्रारेड आणि रेडिओ दोन्हीवर काम केलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

आधी पुस्तकाचं. पुस्तकात जे दिलंय ना, ते सूर्यासारख्या ताऱ्याचं दिलंय. थंडगार वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आकसतो, मध्ये गोळा, भोवती तबकडी, गोळा तापत जातो आणि शेवटी हायड्रोजन जळायला लागतो. हे सगळं बरोबर आहे. पण यात एक क्रम लपलाय तो कोणी नीट सांगत नाही. सूर्यासारख्या ताऱ्याला आकसून आकसून हायड्रोजन पेटेपर्यंत काही कोटी वर्षं लागतात, आणि बाहेरून माल पडायचा थांबतो तो त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे आधी बांधकाम पूर्ण, मग दिवा लागतो.

मोठा तारा म्हणजे साधारण सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचा. तो आकसतो इतक्या झपाट्याने की दहा हजार ते लाखभर वर्षांत मध्यभागी हायड्रोजन पेटतो, आणि त्या वेळेला बाहेरून माल पडायचा चालूच असतो. वरचे मजले अजून चढतायत आणि खाली लोक संसार मांडून बसलेत, तसं. आणि दिवा तरी केवढा, सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा सूर्याच्या चाळीस-पन्नास हजार पट उजेड टाकतो. हा उजेड बाहेर येताना धुळीच्या कणांवर आदळतो, कणांना बाहेर ढकलतो, आणि कण वायूत मिसळलेले असल्यामुळे वायूही सोबत ढकलला जातो. धूळ वजनाने जेमतेम एक टक्का असते, पण तेवढी पुरते. थोडक्यात ताऱ्याने स्वतःच्या उजेडानेच स्वतःची वाढ थांबवायला पाहिजे.

हे गणित १९७० च्या दशकातच लोकांनी मांडलं. १९७४ साली कान नावाच्या शास्त्रज्ञाने हिशोब करून दाखवलं की साधारण ४० सूर्यांच्या पुढे तारा वाढू शकणार नाही. १९८७ मध्ये वुल्फायर आणि कॅसिनेली यांनी आणखी बारकाईने केलं तर परिस्थिती अजूनच बिकट निघाली, माल आत पडायचा असेल तर धूळ नेहमीपेक्षा बरीच कमी धरावी लागत होती. आणि आकाशात बघावं तर शंभर सूर्यांच्या वरचे तारे आहेतच. मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या शेजारची छोटी आकाशगंगा, तिच्यात आर१३६ए१ म्हणून तारा आहे, तो दोनशे सूर्यांच्या जवळपास जातो. म्हणजे गणित म्हणतंय होऊ शकत नाही आणि समोर झालेलं दिसतंय. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे, संशोधन चाललंय ते या फटीवर.

आता फट कुठे होती ते सांगते. त्या जुन्या गणितात माल सगळ्या बाजूंनी सारखा आत येतो आणि उजेड सगळ्या बाजूंनी सारखा बाहेर जातो असं धरलेलं होतं. तू ठाण्याची आहेस, संध्याकाळी दादरला गाडी पकडली असशीलच. गाडी थांबते तेव्हा उतरणारे दाराच्या मधून लोंढ्याने बाहेर येतात, त्या लोंढ्याला समोरून भिडून कोणी आत जाऊ शकत नाही, कितीही जोर लाव. पण चढणाऱ्या बायका समोर उभ्या राहतच नाहीत, त्या दाराच्या दोन्ही कडांना चिकटून उभ्या असतात आणि उतरणं चालू असतानाच कडेकडेने दांडा धरून आत सरकतात. त्याच एका दारातून एकाच वेळी बाहेर येणंही चालू आणि आत जाणंही चालू, फक्त वाट वेगळी. मोठ्या ताऱ्याचं हेच आहे. माल तबकडीतून येतो, विषुववृत्ताच्या पातळीत, कडेने. उजेड वर आणि खाली ध्रुवांच्या दिशेने निसटतो, कारण तिथे ताऱ्यापासून ध्रुवांकडे सुटणाऱ्या वायूच्या झोतांनी आधीच पोकळी कोरून ठेवलेली असते. तबकडीची आतली कड उजेड अंगावर घेते आणि तिच्या आडोशाने मागचा माल येत राहतो.

हे मी आत्ता दोन ओळीत लिहिलं पण याला तीस वर्षं गेली. २००२ मध्ये यॉर्क आणि सॉनहाल्टर यांनी तबकडी धरून सिम्युलेशन केलं तेव्हा गोष्ट पुढे सरकली, मग २००९-१० च्या सुमाराला क्रुमहोल्झ आणि कुइपर यांच्या गटांनी वेगवेगळ्या पद्धतीने ४० सूर्यांच्या पलीकडचा माल जमवून दाखवला. गंमत म्हणजे दोघांची कारणं जुळत नव्हती. क्रुमहोल्झच्या सिम्युलेशनमध्ये उजेडाचे मोठे फुगे तयार होतात, ते अस्थिर होऊन त्यातून माल बोटांसारखा खाली गळतो. कुइपरचं म्हणणं की त्याची गरजच नाही, उजेडाचा हिशोब नीट ठेवला तर एकटी तबकडी पुरते. माझं मत विचारशील तर मी तबकडीच्या बाजूची आहे, आणि ते सिम्युलेशन बघून नाही, नंतर प्रत्यक्ष जे दिसलं ते बघून.

प्रत्यक्ष दिसायला मात्र फार त्रास आहे. एक तर असे तारे मुळात कमी, शंभरात एखादाच. त्यात ते बनतात भराभर, एक-दोन लाख वर्षांत कारभार आटोपतो, त्यामुळे ऐन बनताना सापडणं कठीण. सगळ्यात जवळचं ठिकाण मृग नक्षत्रात, ते १३०० प्रकाशवर्षांवर, बाकीची बहुतेक कित्येक हजार प्रकाशवर्षांवर. आणि सगळं दाट धुळीत गाडलेलं.

मृगाचं सांगायलाच पाहिजे कारण ते तुझ्या गच्चीवरून दिसतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊला पूर्वेला मृग वर आलेलं असतं, मधले तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण, ते तर आपल्याकडच्या उजेडातही दिसतात. त्यांच्याखाली एक अंधूक उभी रांग आहे, तिच्या मधला ठिपका जरा विरघळल्यासारखा दिसतो, साध्या दुर्बिणीतून बघ. तो मृगातला तेजोमेघ. तो चमकतो प्रामुख्याने एका मोठ्या ताऱ्यामुळे, थीटा वन ओरायनिस सी, सूर्याच्या तीसेकपट. पण आमच्या कामाची जागा त्या चमकणाऱ्या भागाच्या मागे आहे, काळ्याकुट्ट ढगात, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. तिथे सोर्स आय नावाचा एक तारा अजून बनतोय, साधारण १५ सूर्यांएवढा. चिलीत अटाकामाच्या वाळवंटात ५००० मीटर उंचीवर आल्मा म्हणून ६६ अँटेनांची दुर्बीण आहे, तिने या सोर्स आयभोवतीची तबकडी दाखवली, नुसती दाखवली नाही तर ती कशी फिरते तेही मोजलं, आतला भाग जोरात, बाहेरचा हळू, ग्रह सूर्याभोवती फिरतात त्याच नियमाने. फिरण्याच्या वेगावरूनच ताऱ्याचं वस्तुमान निघालं. आणि २०१९ मध्ये त्या तबकडीत काय सापडावं, तर मीठ. सोडियम क्लोराइड, आपल्या स्वयंपाकघरातलंच, फक्त तिथे ते वायूच्या रूपात आहे. ती स्पेक्ट्रमची रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरी येऊन मुलाला खिडकीतून भांडुपच्या मिठागरांकडे बोट दाखवून सांगितलं होतं की हेच मीठ तिकडे तारा बनताना तबकडीत आहे. आमच्यासाठी त्या मिठाचं मोल वेगळं आहे, बाकीचे रेणू सगळीकडे पसरलेले असतात, तबकडीतले कुठले आणि बाहेरच्या ढगातले कुठले ते वेगळं करता येत नाही, मीठ मात्र तबकडीतच सापडतं, म्हणजे तबकडीवर खूण केल्यासारखं झालं.

मग २०२३ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर अशीच फिरती तबकडी सापडली. तर तबकड्या आहेत, याबद्दल आता वाद उरलेला नाही.

वाद आहे तो मालाच्या मालकीवर. दोन विचार आहेत. एक मॅकी आणि टॅन यांचा, २००३ च्या आसपासचा, की मोठा तारा बनायला आधीपासून एक मोठा, घट्ट, खळबळीने धरून ठेवलेला गोळा असतो, त्याचा माल त्याच्या एकट्याचा, तो कोसळतो आणि एक तारा किंवा जोडी बनते. भांडवल स्वतःचं घेऊन धंद्याला बसलेला माणूस समज. दुसरा बॉनेल आणि मंडळींचा, २००१ चा, की सुरुवातीला सगळेच लहान असतात, पण जो पुंजक्याच्या मध्यावर बसलाय त्याच्याकडे सगळीकडून माल घरंगळत येतो आणि तो मोठा होतो, जसं नाक्यावरचं दुकान. त्याच्याकडे वेगळं काही नसतं, जागा मोक्याची असते.

मी सुरुवातीला पहिल्या विचाराची होते, माझा पीएचडीचा अर्धा थीसिस त्यावर उभा आहे. पण मग आल्माने अगदी थंड, शांत, अजून तारा न पेटलेले ढग तपासायला सुरुवात केली, तिथे त्या विचाराप्रमाणे ३०-४० सूर्यांचे तयार गोळे मिळायला हवे होते. लहान गोळे ढिगाने मिळाले. मोठे, आणि आत तारा न पेटलेले, फार म्हणजे फारच क्वचित. आणि हर्शेल या अवकाशातल्या इन्फ्रारेड दुर्बिणीने दाखवलं की ढग सगळे तंतूंचे बनलेत, लांबच लांब धागे, आणि ते जिथे एकमेकांना मिळतात त्या गाठीतच मोठे तारे बनताना दिसतात. धाग्यांतून माल गाठीकडे वाहत येतो, पावसात गल्लीबोळातलं पाणी हिंदमाताला येऊन जमतं तसा. तेव्हा आज मला असं वाटतं की गोळा आणि त्याच्या बाहेरचा ढग असं कुंपण घालणंच चुकीचं होतं, तारा वाढत असताना दूरवरून त्याच्याकडे माल येतच असतो. किती वेगाने? वर्षाला सूर्याच्या दहा हजाराव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत. दहा हजारावा भाग ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो ३३ पृथ्व्यांएवढा होतो. दर वर्षी तेहतीस पृथ्व्या एका ताऱ्यात पडतायत.

आता दुसरा प्रश्न, मुंबईत बसून करतो काय. बरोबर आहे, कुलाब्याच्या ऑफिसच्या खिडकीतून मला रात्री गलबतांचे दिवे दिसतात, तारे मोजून सहा-सात. पण आमच्या विषयात लडाखच्या आकाशाखालीही नुसत्या डोळ्यांनी काही दिसलं नसतं, कारण धूळ तिकडे आहे, ताऱ्यांच्या गावात. दिसणारा उजेड धुळीत अडकतो. लांब लहरी धुळीतून पार होतात, म्हणून इन्फ्रारेड, मग मिलिमीटर, मग रेडिओ. अगदी थंड ढग तर इन्फ्रारेडमध्येही काळेच दिसतात, १९९० च्या दशकात आयएसओ आणि एमएसएक्स या उपग्रहांनी आकाशगंगेचा पट्टा पाहिला तेव्हा चमकत्या पार्श्वभूमीवर असे काळे डाग सापडले, पावसाळ्यात भिंतीवर ओल धरते ना तसे डाग. आधी वाटलं तिथे काहीच नाहीये, नंतर कळलं की सगळ्यात जास्त माल तिथेच आहे. मोठे तारे जिथे बनणार आहेत त्या जागा याच.

आमच्या ग्रुपचं मुख्य हत्यार जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही रेडिओ दुर्बीण. नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ एक किलोमीटरच्या आसपास दाटीवाटीने आणि १६ तीन हातांवर साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना, भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी, त्यामुळे वजन कमी, वाऱ्याचा मार कमी, खर्चही कमी. आता ऑब्झर्वेशन तिथले ऑपरेटर चालवतात आणि डेटा आपल्याकडे येतो, पण मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी तिकडे पाठवते, कल्याण-मुरबाड-माळशेज करत. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतातून जाताना अचानक समोर ती पांढरी परडी वर तोंड करून उभी दिसते आणि मग ती सावकाश वळायला लागते, ते बघितलं की पुढची पाच वर्षं स्क्रीनवरच्या आकड्यांकडे बघायला बळ येतं. मोबाइल बंद ठेवायला लागतो तिथे, कारण आपण जे ऐकतोय ते इतकं क्षीण आहे की शेजारचा फोन त्यापुढे लाउडस्पीकर ठरतो.

आणि मग ते आकडे. आठ-दहा तासांचं ऑब्झर्वेशन, डेटा शेकडो जीबी, पहिलं काम साफसफाई. स्क्रीनवर एका अक्षावर वेळ, एका अक्षावर फ्रिक्वेन्सी, आणि त्यात उभ्या-आडव्या भडक रेघा. ही रेघ कुठल्या तरी टॉवरची, हा ठिपक्यांचा पट्टा विजेच्या तारेवर ठिणग्या पडतायत त्याचा, ही एक अँटेना रात्री दोनपासून पहाटेपर्यंत भलतंच काही सांगतेय, ती काढून टाक. प्रोग्रॅम बरंचसं करतो पण शेवटचं डोळ्यांनीच करावं लागतं, तांदूळ निवडतात तसं, आणि जास्त निवडलंस तर तांदूळही जातो. मग कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक अँटेनाची चूक मोजून दुरुस्त करणं, मग इमेज, मग त्याच इमेजवरून पुन्हा कॅलिब्रेशन. पहिल्या फेरीला नुसते पट्टेच पट्टे दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पट्टे विरळ होतात. मला आठवतंय, माझ्या एका विद्यार्थिनीच्या इमेजमध्ये पाचव्या फेरीनंतर तेजस्वी गोळ्याच्या शेजारी, पट्टा होता त्या जागी, एक लहानसा लांबट डाग उरला. ती म्हणाली मॅडम हा कचरा असेल. आम्ही तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला शोधला, तिथेही त्याच जागी. पुढचे सात महिने त्या डागावर गेले.

सात महिने कशासाठी, तर तो डाग काय आहे हे फ्रिक्वेन्सीवरून ठरवायचं असतं. तारा पुरेसा तापला की त्याच्या अतिनील किरणांनी भोवतीचा हायड्रोजन फुटतो, इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि गरम वायूची रेडिओ चमक तयार होते. या चमकेचं वळण ठरलेलं आहे: वायू दाट असेल तर फ्रिक्वेन्सी वाढवल्यावर चमक झपाट्याने वाढते, विरळ असेल तर जवळजवळ सपाट राहते. पण कधी कधी उलटं होतं, फ्रिक्वेन्सी कमी करू तशी चमक वाढते. ते गरम वायूचं काम नाही. तिथे प्रकाशाच्या वेगाजवळ पळणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतायत. एचएच ८०-८१ म्हणून एका मोठ्या बनत्या ताऱ्याचा झोत आहे, धनु राशीत, त्यात हे २०१० मध्ये ध्रुवीकरण, म्हणजे लहरी कुठल्या दिशेने डोलतायत ते, मोजून पक्कं झालं, आणि नंतर जीएमआरटीने कमी फ्रिक्वेन्सीला, ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झला, तो झोत टिपला. ही मोठीच गोष्ट आहे. असा झोत तयार व्हायला तबकडी लागते आणि चुंबकीय क्षेत्र लागतं, म्हणजे लहान ताऱ्यांचं जे यंत्र आहे तेच मोठ्या ताऱ्यांतही चालू आहे, फक्त अवाढव्य मापात. कमी फ्रिक्वेन्सीला हे सगळ्यात ठळक दिसतं, आणि त्या पट्ट्यात एवढी ताकदवान दुर्बीण जगात मोजक्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे ती माळशेजपलीकडे आहे.

इन्फ्रारेडची बाजू वेगळी. दूरच्या इन्फ्रारेडला हवेतली वाफ अडवते, जमिनीवरून काहीच मिळत नाही, म्हणून टीआयएफआरच्या, म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, इन्फ्रारेड ग्रुपने एक मीटरची दुर्बीण फुग्याला बांधून वर पाठवायची पद्धत बसवली. हैदराबादहून, हिवाळ्याच्या महिन्यांत, वारे जुळले की. फुगा साधारण ३० किलोमीटरवर जातो, खाली जवळपास सगळी वाफ राहते, आणि रात्रभर दुर्बीण कार्बनची १५८ मायक्रॉनची रेघ मोजते. ही रेघ का, तर नव्या मोठ्या ताऱ्याचा उजेड ढगाला जिथे पोखरत असतो त्या कडेवर कार्बनचा एक इलेक्ट्रॉन उडालेला असतो, आणि तिथला वायू थंड होतो तो मुख्यतः याच रेघेतून. तारा आपल्याच ढगाचं काय करतो ते तिथे वाचता येतं. मी तरुण असताना अशा एका उड्डाणाला गेले होते. सकाळी पॅराशूटने दुर्बीण कापसाच्या शेतात उतरली होती, आम्ही जीपने पोचलो तेव्हा सगळा गाव भोवती जमलेला, खाली बसवलेले धक्का सोसायचे पॅड चेपून गेलेले, आणि एक आजोबा आपल्या पंच्याने आरशाच्या दिशेने येणाऱ्या पोरांना मागे सारत उभे होते. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आरशावर ओरखडा नव्हता. डिटेक्टर द्रव हेलियमवर थंड केलेला असतो, त्याची टाकी अजून हाताला गार लागत होती.

एक गोष्ट राहिली, मेझर. लेझरसारखंच, पण मायक्रोवेव्हमध्ये आणि निसर्गाने केलेलं. मिथेनॉलच्या रेणूची ६.७ गिगाहर्ट्झची मेझर रेघ १९९१ मध्ये मेंटेन यांनी शोधली, आणि ती मोठे तारे बनतात तिथेच मिळते, लहान ताऱ्यांपाशी नाही. २०१५ मध्ये एस२५५ नावाच्या ठिकाणी ही रेघ एकाएकी भडकली. लोकांनी लगेच इन्फ्रारेड दुर्बिणी तिकडे वळवल्या तर वीस सूर्यांचा एक बनता तारा उजळलेला, तबकडीतून मोठा घास एकदम आत गेला होता. आणि साधारण तेरा महिन्यांनी त्याचा रेडिओ झोतही वाढला. खाल्लं, आणि वर्षभराने त्यातलं काही झोतातून बाहेर फेकलं. लाखभर वर्षांच्या गोष्टीतलं एक पाऊल माणसांना डोळ्यांदेखत बघायला मिळालं. तेव्हापासून मला पक्कं वाटतं की माल एकसारख्या धारेने पडत नाही, थांबून थांबून ढेकळांनी पडतो, आणि वर दिलेला तेहतीस पृथ्व्यांचा आकडा हा सरासरीचा समजायचा. पुढच्या दहा वर्षांत या विषयात जे नवं कळेल ते इथून कळेल असं माझं मत आहे, म्हणून पीएचडीला विषय निवडताना याकडे नीट बघ.

तिसरा प्रश्न घरच्यांचा आहे, आणि तो रास्त आहे. नोकरीची खात्री मी देणार नाही. कायमच्या जागा थोड्या आहेत, पीएचडीनंतर दोन-तीन ठिकाणी पोस्टडॉक करत फिरावं लागतं, बहुतेक वेळा परदेशात, आणि तोपर्यंत वय तिशी ओलांडतं. माझ्याकडचे काही जण याच क्षेत्रात आहेत, काही डेटाच्या नोकऱ्यांत गेले, एक जण वैद्यकीय इमेजिंगमध्ये आहे आणि इमेज साफ करायची विद्या तिथेही चालते. स्टायपेंडवर मुंबईत एकटीचं भागतं, घर चालवायची जबाबदारी असेल तर ओढाताण होते, हे घरी आधीच स्पष्ट बोलून घे. आईवडिलांना काय सांगायचं तर हे सांग की आपण जो ऑक्सिजन आत ओढतो तो बहुतेक सगळा अशाच मोठ्या ताऱ्यांच्या पोटात बनलाय, मिठातलं सोडियमही, आणि ते तारे स्वतः कसे घडतात हे अजून नीट ठाऊक नाही. माझ्या बाबांना हे पटलं होतं. ते गिरणीत होते, दहावीपर्यंत शिकलेले, पण मी थीसिस दिला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, मग तो उजेड वरून निसटतो हे नक्की ना?

ग्रुपमध्ये आम्ही सहा-सात जण आहोत. लागतं काय, तर एमएस्सीचं फिजिक्स पक्कं हवं, विशेषतः विद्युतचुंबकत्व आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, पायथन यायला हवं, लिनक्सची भीती नको. खगोलशास्त्र आलं नाही तरी चालतं, ते शिकता येतं. बाकी लागतो तो स्वभाव, एका डागावर सात महिने बसायचा. तो आहे का हे प्रवेश परीक्षेत कळत नाही.

म्हणून आता एवढं कर. जीएमआरटीचा जुना डेटा काही काळाने सगळ्यांना खुला होतो. त्यातलं मोठ्या ताऱ्यांच्या जागेचं एक ऑब्झर्वेशन उतरवून घे, छोटंसं, एकाच फ्रिक्वेन्सीचं. कासा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्वतः साफ कर, स्वतः इमेज बनव, अडलीस तर लगेच कोणाला विचारू नकोस, आठवडाभर अडून बस आणि मग विचार. पहिली इमेज पट्ट्यापट्ट्यांचीच येईल. ती तशीच प्रिंट करून घेऊन ये, सुधारत बसू नकोस. गुरुवारी दुपारी तीनला आमची ग्रुप मीटिंग असते, तिथेच टेबलावर ठेवू आणि कुठला पट्टा कशाचा ते सगळे मिळून बघू.